फ्लास्कमधील पेशी ट्रिप्सिनने कशा सोडवाव्यात

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी फ्लास्कच्या तळाला नुसत्या टेकलेल्या नसतात; त्या सोडवायला ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर वापरतात. इंटेग्रिन ही प्रथिने त्यांना तळावरील फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांशी बांधतात, तर कॅडहेरिन शेजारच्या पेशीला धरून ठेवते आणि ही पकड कॅल्शियमवाचून टिकत नाही. म्हणून जुने माध्यम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, काढल्यावर कॅल्शियम व मॅग्नेशियम नसलेल्या बफरने (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणाने) पेशी दोनदा धुवाव्यात. येथे कंटाळा करू नये, कारण माध्यमातले उरलेले सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) ट्रिप्सिनला निष्प्रभ करते आणि दोष मात्र ट्रिप्सिनच्या बाटलीवर येतो.

त्यानंतर तळ जेमतेम झाकेल इतके ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए घालून फ्लास्क ३७ अंश सेल्सिअसला ठेवावा. ईडीटीए कॅल्शियम अडकवते, ट्रिप्सिन प्रथिने कापते. दोन मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: पसरट पेशी आक्रसून गोल होतात, त्यांच्या कडा चकाकू लागतात आणि फ्लास्क किंचित कलवला की त्या बारीक वाळूसारख्या घरंगळतात. फ्लास्क आपटण्याचा मोह टाळावा. त्याने पेशींचे गठ्ठे निघतात. बहुतेक पेशी सुटताच सीरमयुक्त माध्यम घालावे, कारण ट्रिप्सिन अधिक वेळ राहिल्यास पृष्ठभागावरील संदेशग्राही प्रथिनेही कापली जातात. त्यांचाच अभ्यास करायचा असेल, तर आधी नुसते ईडीटीए वापरून पाहणे मला अधिक योग्य वाटते.