सायकलवाल्याला हवालदारानं हात दाखवला तर

गावाकडून मुंबईत आलेली बरीचशी पोरं सुरुवातीला सायकलवरचं काम धरतात. पेपरची लाइन, दूध, पाव, डबे, नाहीतर घरपोच जेवण पोचवणं. मीही माण तालुक्यातून आलो तो पेपर टाकायलाच, आणि आजही दादरला पहाटे गठ्ठे सुटतात तेव्हा तिथं असतो. नव्या पोरांना गल्ल्या पाठ व्हायला फार वेळ लागत नाही. त्यांचं अडतं ते सिग्नलवर पांढऱ्या शर्टातला पोलीस हात दाखवतो तेव्हा. कोणी जोरात पॅडल मारून पळतो, कोणी हुज्जत घालतो. दोन्हीत नुकसान आपलंच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी कागदांचं बघू. १९८८ चा मोटार वाहन कायदा मोटार वाहनांसाठी आहे आणि पायानं चालवायची साधी सायकल त्यात येत नाही. म्हणून तिला लायसन नाही, आरसी नाही, विमा नाही, पीयूसी नाही. हेल्मेटची सक्तीही मोटारसायकल आणि स्कूटरवाल्यांना आहे. तरी सायकलवर हेल्मेट घाला असं मी प्रत्येकाला सांगतो, कारण पावसाळ्यात इथले खड्डे पाण्याखाली गेले की दिसत नाहीत. कोणी लायसन विचारलंच तर "साहेब, साधी सायकल आहे" एवढं शांतपणे सांगायचं. पोलिसांच्या मशीनवरचं ई-चलान साधारण गाडीच्या नंबरावर निघतं आणि सायकलला नंबर नसतो. त्यामुळे नावावर एकही गाडी नसताना "तुमचं चलान थकलंय, या लिंकवर पैसे भरा" असा मेसेज मोबाइलवर आला तर तो फसवणुकीचाच समजा. लिंक उघडू नका, कसलीही फाइल घेऊ नका. आमच्या खोलीवरच्या पोरांना असले मेसेज सारखे येतात.

पण कागद लागत नाहीत म्हणून नियमही लागत नाहीत, असं मात्र नाही. सगळा घोळ इथंच होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन हाकणाऱ्याला लागतं, आणि त्यात वाहन म्हणजे फक्त मोटार असं म्हटलेलं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २७९ होतं. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ प्रमाणे शहरातल्या रहदारीचे नियम काढायचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे, आणि ते नियम सायकललाही लागू पडतात. लाल सिग्नल, एकेरी रस्ता, डावी बाजू, फुटपाथवरून सायकल न चालवणं, हे सगळं आपल्यालाही आहे.

त्यातही उलट्या बाजूनं येणं मुंबईत फार गंभीरपणे घेतलं जातं. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी उलट्या दिशेनं गाडी चालवणाऱ्यांवर थेट गुन्हे नोंदवायला सुरुवात केली होती. ती कारवाई मोटारवाल्यांवर होती, पण तेव्हापासून नाक्यावरच्या पोलिसाची नजर याच गोष्टीवर जास्त असते.

आमच्या लाइनवर एक नवा पोरगा आला होता, बीडकडचा. कॅरिअरवर गठ्ठा, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. पुढून वळसा घालायला नको म्हणून तो रोज एका एकेरी रस्त्यात उलटा शिरायचा. एका सकाळी हवालदारानं त्याला अडवलं. मी मागून येत होतो, थांबलो.

"काय रे, बोर्ड दिसत नाही का?"

"सायकलला कुठं लायसन लागतं, साहेब?" पोरगा लगेच तापला.

"लायसन मागितलं का मी? समोरून बेस्टची बस आली असती तर तुला कोणत्या बाजूला ढकलला असता तिनं?"

पोरगा गप्प. मी म्हटलं, "साहेब, नवीन आहे, मी सांगतो त्याला." हवालदार म्हणाले, "सांगा. आणि तू खाली उतर. सायकल हातात धर आणि कडेकडेनं कोपऱ्यापर्यंत चालत जा." पोरगा चालत गेला. दोन इमारतींचं अंतर, मिनिटभर लागलं असेल. तेव्हापासून लाइनवर आमची हीच रीत आहे: वळसा लांब वाटला तर उतरायचं आणि सायकल ढकलत न्यायची. हातात सायकल धरून चालणारा माणूस पादचारी असतो, त्याला एकेरी रस्त्याची अडचण येत नाही.

त्या दिवशी पोराची चूक होती, तरी प्रकरण एवढ्यावर मिटलं, कारण तो पळाला नाही. हात दाखवला की थांबायचं. एकदम ब्रेक मारू नका, मागून गाड्या असतात. डावीकडे कडेला घ्या, खाली उतरा, सायकल स्टँडवर लावा आणि मग बोला. पुरुष असतील तर साहेब, बाई असतील तर मॅडम. चूक झाली असेल तर मान्य करा. झाली नसेल तर कोणता नियम मोडला ते विचारा, आवाज चढवू नका. विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे आणि वर्दीवर नावाची पट्टीही असते, ती वाचून ठेवा. दंड भरायची वेळ आली तर पावती घेऊनच भरा. पावतीशिवाय एक रुपया काढू नका, आणि "चहापाण्याचं बघतो साहेब" हे तर स्वतःच्या तोंडून कधीच काढू नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. कोणी मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर आहे. सायकल जमा करून घेतली तर ती कुठल्या चौकीत नेणार, कोण नेणार, याची लेखी पोच मागा.

काही रस्त्यांवर तर सायकल न्यायचीच नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतू, २०२४ मध्ये सुरू झालेला किनारी रस्ता, त्याच वर्षी सुरू झालेला अटल सेतू, आणि जे. जे. चा उड्डाणपूल. मोबाइलवरचा नकाशा मोटारीचा रस्ता दाखवत असेल तर तो सरळ या पुलांवर नेऊन घालतो, आणि एकदा चढलात की मागे फिरायला जागा नसते. माहीमहून दक्षिणेकडे जायचं तर प्रभादेवीच्या बाजूनं खालून जा. जे. जे. ला मोहम्मद अली रोड खालून जातो. गर्दी असते, पण रस्ता आपला आहे.

रात्री किंवा पहाटे नाकाबंदी लागते तिथं प्रश्न वेगळा असतो: सायकल कुणाची? शहरात सायकली चोरीला जातात, तेव्हा विचारणं रास्तच आहे. सायकल उलटी करा, पॅडलच्या खाली, पॅडलचे दोन्ही दांडे (क्रँक) जिथं जोडलेले असतात तिथं फ्रेमवर ठोकलेला नंबर असतो. ग्रीस आणि चिखलानं झाकलेला असतो, रॉकेलच्या फडक्यानं पुसा की दिसेल. त्याचा फोटो, बिलाचा फोटो आणि आधार, तिन्ही मोबाइलमध्ये ठेवा. जुनी सायकल घेतली असेल तर विकणाऱ्याकडून नाव, फ्रेम नंबर, किंमत आणि सही असलेली चिठ्ठी घ्या. चिठ्ठी द्यायला कां-कूं करणाऱ्याकडून सायकल घेऊ नका, मग ती कितीही स्वस्त मिळो. मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा हवाच, तो नाकाबंदीसाठी नाही, ट्रकवाल्याला तुम्ही दिसावं म्हणून.

आता बॅटरीवाल्या सायकली आणि छोट्या स्कूटर. डिलिव्हरीच्या कामाला हल्ली त्या भाड्यानं मिळतात आणि दुकानदार छातीठोकपणे सांगतो, "लायसन लागत नाही." हे अर्धंच खरं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि मान्यताप्राप्त चाचणी संस्थेनं, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेनं, ते मॉडेल तपासून प्रमाणपत्र दिलं असेल, तरच ती मोटार वाहनात मोजली जात नाही. पुष्कळ ठिकाणी मोटरचा वेग आवरणाऱ्या कंट्रोलरची वायर काढून वेग वाढवून देतात. तशी गाडी ताशी ४० नं पळाली की ती मोटार वाहन झाली: नोंदणी हवी, विमा हवा, हेल्मेट हवं, लायसन हवं. विनापरवाना चालवण्याचा दंड कायद्यात ५,००० रुपये आहे. गाडी पकडली की भाड्यानं देणारा फोन उचलत नाही आणि दंड चालवणाऱ्या पोराच्या माथी बसतो. म्हणून गाडी ताब्यात घेण्याआधी त्या मॉडेलच्या प्रमाणपत्राची प्रत मागा, मोटरवरचा वॅटचा आकडा स्वतः वाचा आणि मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण वेगानं चालवून बघा. काटा २५ च्या पुढे गेला तर गाडी तिथंच परत करा.