हनोई ते सायगॉन रेल्वेनं: भावंडांनी तीन तिकिटं काढावीत, एक नव्हे

हनोई ते सायगॉन, म्हणजे आजचं हो चि मिन्ह सिटी, हा व्हिएतनामचा लोहमार्ग 1726 किलोमीटरचा. गाडी थेट धरली तर 32 ते 36 तास जातात. पाठीवर सॅक टाकून निघालेल्या भावंडांना जो तो सांगतो, "एकदाच बसा, थेट उतरा, कटकट नाही." कटकट असते आणि बक्कळ असते. तिसाव्या तासाला सख्खी बहीणसुद्धा बोलायची बंद होते.

पासपोर्ट, मुंबईहून विमान, ई-व्हिसा ही तयारी झालेली धरतो. एकदा प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क 25 डॉलर आहे, तो जास्तीत जास्त 90 दिवसांचा मिळतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा आणि छापील प्रत दोघांकडे वेगवेगळी ठेवा.

तारीख मात्र नीट बघा. आपल्याकडे सोयाबीन विकून हातात पैसा येतो आणि दिवाळीची सुट्टी लागते, नेमकं तेव्हाच, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाटेतल्या, मध्य व्हिएतनाममधल्या ह्युए आणि दा नांग या शहरांच्या पट्ट्यात सर्वांत जास्त पाऊस असतो. पूर येतात, रूळ पाण्याखाली जातात, गाड्या अडकतात. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या काळात त्यांचं नववर्ष, टेट, येतं. तेव्हा अख्खा देश गावाकडं निघालेला असतो आणि बर्थ मिळत नाही. फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल हा काळ बरा.

आता तिकीट. गाडी सोपी आहे, सगळी गफलत इथंच होते, म्हणून सावकाश वाचा.

तिकिटावर चढायचं आणि उतरायचं स्थानक ठरलेलं असतं. मध्ये दोन दिवस उतरून त्याच तिकिटावर पुढं जाण्याची आपल्याकडची ब्रेक जर्नी इथं धरून चालू नका. म्हणून सुरुवातीलाच तीन तुकडे करा. हनोई ते ह्युए 688 किलोमीटर, ह्युए ते दा नांग 103, दा नांग ते सायगॉन 935. पहिला तुकडा रात्रीचा: संध्याकाळी निघायचं, तेरा-चौदा तासांनी सकाळी ह्युए. तिसराही रात्रीचा, सोळा ते अठरा तासांचा. मधला छोटा तुकडा दिवसाचाच हवा, कारण हाय व्हानचा घाट त्यात आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला थेट समुद्र, मध्ये बोगदे. गाडी इतकी हळू चालते की 103 किलोमीटरला अडीच-तीन तास लागतात. हा तुकडा अंधारात गेला तर रेल्वेनं जाण्यात अर्थ उरला नाही, विमान स्वस्त पडलं असतं. या तुकड्याला बर्थ घेऊ नका, गादीची खुर्ची पुरते.

गाडीच्या क्रमांकात गोंधळ नको. एसई1, एसई3 असे विषम क्रमांक हनोईहून दक्षिणेला जातात, सम क्रमांक सायगॉनहून उत्तरेला येतात. स्थानकांच्या यादीत हो चि मिन्ह सिटी शोधत बसू नका, तिथं नाव साय गोन असंच आहे. होई आनला तर स्थानकच नाही. दा नांगला उतरून साधारण 30 किलोमीटर रस्त्यानं जावं लागतं.

आता बर्थ. एसी शयनयानाचे दोन प्रकार आहेत, सहा बर्थचा कप्पा आणि चार बर्थचा. सहाच्या कप्प्यात सर्वांत वरचा बर्थ स्वस्त असतो, कारण त्यावर ताठ बसताच येत नाही, लोळतच चढायचं आणि लोळतच उतरायचं. रात्रभराच्या प्रवासाला चारचाच घ्या. ऑनलाइन तिकीट काढताना दिसणाऱ्या डब्याच्या नकाशात खालचा बर्थ टी1 आणि वरचा टी2 असा दाखवलेला असतो. अनेक जण समोरासमोरचे दोन्ही खालचे बर्थ घेतात, टेबल आपलं होईल म्हणून. ते करू नका. वरचे दोघे अनोळखी प्रवासी दिवसभर तुमच्याच अंथरुणावर बसणार, आणि त्यांना उठवायची भाषा तुम्हाला येत नाही. एकाच बाजूचा खालचा एक आणि त्याच्या बरोबर वरचा एक, अशी जोडी घ्या. पैसे थोडे वाचतात, दोन्ही सॅका खालच्या बर्थखाली जातात आणि दिवसा दोघांना बसायला हक्काची जागा राहते. वर कोण झोपणार यावरून वाद असेल तर एका तुकड्यात ताई, दुसऱ्यात भाऊ. कप्पा डब्याच्या मधोमधचा बघा. टोकाला शौचालयाचं दार रात्रभर आपटत राहतं आणि चाकांचे हिसकेही जास्त बसतात. महिलांचा वेगळा कप्पा मिळेल असं गृहीत धरू नका. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, दोघं एका ऑर्डरमध्ये तिकीट काढा म्हणजे कप्पा एकच राहील.

समुद्र कोणत्या बाजूला, यावर डोकं फोडणाऱ्यांसाठी: दक्षिणेला जाताना तो डाव्या हाताला. पण दा नांगला गाडी उलटी फिरते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं. डब्याची जी बाजू डावी होती ती पुढं उजवी होते. थेट तिकीट काढून "समुद्राकडचा कप्पा" मिळवणाऱ्यांची निम्मी मेहनत इथं वाया जाते. तुकडे केले की हा प्रश्नच राहत नाही.

नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका. आपल्या पासपोर्टात स्वतःच्या नावापुढं वडिलांचं नाव आणि मग आडनाव असतं, त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या नावातले दोन शब्द सारखेच असतात. पासपोर्ट क्रमांक एकमेकांचे पडतात ते इथंच. पैसे भरण्याआधी एकानं पासपोर्टवरचा क्रमांक मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवावं. स्थानकावर तिकिटासोबत मूळ पासपोर्ट दाखवावा लागू शकतो, म्हणून दोघांचे पासपोर्ट एकाच्या सॅकेत कोंबू नका.

कार्ड नाकारलं गेलं तर आधी बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू आहेत का ते पाहा. आपल्याकडच्या कार्डांवर ते बहुधा बंदच असतात. तरीही अडलं तर हनोईला उतरताच स्थानकाच्या खिडकीवर जा, निघण्याच्या दिवशी नव्हे. भाव समजायला सोपी रीत: डोंग, म्हणजे तिथलं चलन, त्याच्या रकमेतली शेवटची तीन शून्यं काढा आणि उरलेल्याला साडेतीननं गुणा. रुपये अंदाजानंच येतील, पण फसणार नाही. 20 हजारांची आणि 5 लाखांची नोट दोन्ही निळ्या आहेत. डब्यातल्या मंद उजेडात फेरीवाल्याला पैसे देताना शून्यं मोजा.

गाडीचं फार सांगण्यासारखं नाही. मार्ग मीटरगेज आहे, म्हणजे दोन रुळांत एक मीटरचं अंतर. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर बसलेल्या आपल्या जुन्या माणसांना तो झोका लगेच ओळखू येईल. बोळ अरुंद, दोन सॅकवाले समोरासमोर आले की एकाला मागं सरावं लागतं. फलाट बहुतेक ठिकाणी खाली आणि पायऱ्या उंच, त्यामुळे सॅक दहा-बारा किलोंच्या वर नेऊ नका. अंथरूण मिळतं, पण मधल्या स्थानकावर चढलात तर ते आधीच्या प्रवाशानं वापरलेलं असू शकतं. वाकळ नेण्याचा नाद सोडा, जुन्या सुती लुगड्याची शिवलेली खोळ न्या. ती अर्ध्या किलोच्या आत बसते आणि एसीच्या गारठ्यात पुरते.

शाकाहारी असाल तर "तोय आन चाय" एवढं पाठ करा, म्हणजे मी शाकाहारी आहे. तरी "नुओक माम" म्हणजे माशाचा सॉस भाजीत असू शकतो, विचारून घ्या. धपाटे कांदा न घालता, पाण्याऐवजी दुधात मळले तर दीड-दोन दिवस टिकतात. गरम असताना बांधले की घाम सुटून आंबतात. ते पहिल्याच तुकड्यात संपवा. पुढं शेंगदाण्याची चटणी, भाजके पोहे आणि सातूचं पीठ. गरम पाणी डब्याच्या टोकाला मिळतं, मात्र झाकणाचा स्टीलचा पेला स्वतःचा हवा, हलत्या गाडीत उघड्या कपातलं पाणी हातावर येतं.

उतरताना घोषणेच्या भरवशावर राहू नका. फोनमध्ये ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि ह्युएच्या अर्धा तास आधीचा गजर दोघांच्याही फोनवर लावा. गाडी उशिरा धावत असेल तर गजर बंद करून परत झोपणारा एक जण प्रत्येक घरात असतो. त्याला वरचा बर्थ देऊ नका.