मेलेल्या लॅपटॉपच्या बोर्डाला घरी हीट कशी द्यावी

बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा गुरगुरतो, स्क्रीन मात्र काळीच. दुकानात याला ‘नो डिस्प्ले’ म्हणतात. माझ्या जुन्या लॅपटॉपला हे दुखणं भुसावळात ऐन मे महिन्यात लागलं, पारा ४५ च्या पुढे असताना. शेजारचे नाना डोकावून म्हणाले, “मरी गया का भाऊ?”

लगेच हीट गन (गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) उचलू नका. मागचं झाकण उघडा. आपल्याकडची धूळ आणि कापसाचे तंतू मिळून पंख्याच्या जाळीत अक्षरशः गादी भरली जाते. ती ब्रशने काढा. रॅमचे सोनेरी दात खोडरबराने हलकेच पुसून ती परत बसवा. बाहेरचा मॉनिटर जोडून पाहा. त्यावर चित्र आलं तर बोर्ड, म्हणजे चिपा बसवलेली मुख्य पाटी, ठीक आहे, दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. आणि नुसता डेटाच हवा असेल तर डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला. त्यासाठी बोर्ड भाजायचं काही कारण नाही.

एवढं करूनही उठला नाही आणि दुरुस्तीचा खर्च परवडण्यापलीकडे असेल, तरच पुढे वाचा.

स्क्रीनवर चित्र पाठवणारी ग्राफिक्स चिप बोर्डावर सोल्डरच्या, म्हणजे जोडकामाच्या मऊ धातूच्या, बारीक गोळ्यांवर बसलेली असते. शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंशांना वितळायचं. २००६ साली युरोपात शिशावर निर्बंध आले आणि बिनशिशाचं सर्रास झालं, ते साधारण २१७ अंशांना वितळतं. घरच्या हीटने बहुधा तितकं तापत नाही. तरी चिप उठते, कारण पुष्कळदा दोष तिच्या पोटातल्या आणखी बारीक जोडांत असतो. ते तापून फुगतात आणि काही दिवस टेकलेले राहतात. अशाच बिघाडापायी ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने २००८ साली १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले होते.

बॅटरी, रॅम, डिस्क, वायफाय कार्ड आणि नाण्याएवढा सीमॉस सेल उतरवा. सेल तापला तर फुटतो. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून मी ते बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवतो. हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढून चिपवरची वाळकी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पोळ्यांची फॉइल तीन पदरी करून बोर्ड झाका, चिपपुरती खिडकी ठेवा, कडेने पातळ फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो द्रव) सोडा.

बोर्ड सपाट फरशीवर, कोपऱ्यांखाली चार नट टेकवून. कूलर बंद! खान्देशात मे महिन्यात हे सांगणं पाप आहे, पण एका बाजूने गार झोत लागला की बोर्ड वाकतो, शिवाय कूलरची हवा ओली. खिडक्या उघड्या ठेवा, लेकरांना बाहेर काढा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

आधी १५ सेंमीवरून दोन-तीन मिनिटं गरम हवा सगळ्या बोर्डावर फिरवा. चिपने ओल धरलेली असते. एकदम ताप दिला तर ज्वारीच्या लाहीसारखी आतून फुटते. मग ४-५ सेंमीवर या आणि फक्त चिपवर गोल गोल, कुठेही न थांबता, सुमारे दोन मिनिटं. गन बंद केल्यावर अर्धा तास बोर्डाला हात नाही, धक्का नाही, फुंकरही नाही.

बोर्ड ओव्हनमध्ये भाजायची युक्तीही लोक सांगतात. प्लॅस्टिकचे कनेक्टर वितळतात, विषारी वाफा आत बसतात, आणि उद्या त्यातच नानखटाई भाजायची असते. नकोच.

नवी थर्मल पेस्ट लावा, जोडणी करा, चालू करा.

माझा लॅपटॉप तीन आठवडे चालला. दुसऱ्यांदा हीट दिली तेव्हा उठला नाही. त्याची रॅम पुतण्याच्या मशीनमध्ये अजून चालू आहे.