बालकुमार साहित्य संमेलनात वाचायचंय? आधी पोरांना ऐकवा

संमेलनात नवोदितांच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं येतात. मराठी मोठ्यानं वाचताना मिनिटाला साधारण १०० ते १२० शब्द होतात, तेव्हा साडेतीनशे शब्दांच्या आतलाच उतारा निवडा.

तो आधी गल्लीतल्या चार पोरांना वाचून दाखवा. सोबत आईबाप नकोत, त्यांच्यासमोर पोरं खरं बोलत नाहीत. हातात पेन्सिल असू दे. पोरगं चुळबुळ करायला लागलं, की समासात फुली. ‘मग काय झालं?’ असं विचारलं, की बरोबरची खूण. फुल्या बहुतेक वर्णनावर नाहीतर उपदेशावर पडतात. ती वाक्यं खुशाल काढा, कितीही आवडती असली तरी!

संपादक भेटले तर वयोगट नेमका सांगा: सहा ते आठ, की तेरा ते सोळा? या मोठ्या पोरांसाठी मराठीत फार कमी लिहिलं जातं, आणि तिथं लिहिणाऱ्यांची खरंच गरज आहे.

त्याआधी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात एखादी दुपार काढून त्या वयाची पुस्तकं चाळा. बालभारतीच्या ‘किशोर’चे १९७१पासूनचे जुने अंकही ऑनलाइन मोफत वाचता येतात.