दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या सौम्य गाठी: अँजिओग्राफी कशी करावी व कशी वाचावी

दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या सौम्य गाठींचे निदान फ्लुओरेसिन अँजिओग्राफीतील (शिरेतून फ्लुओरेसिन हे चमकणारे रंगद्रव्य देऊन दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याच्या तपासणीतील) एका छायाचित्रावरून करू नये. रंगद्रव्य गाठीत केव्हा शिरले, किती वेळ राहिले आणि बाहेर झिरपले का, हे तिन्ही समजायला हवे.

इंजेक्शनपूर्वी रुग्णाला पूर्वीची अ‍ॅलर्जी, दमा, हृदयविकार व गरोदरपण यांविषयी विचारावे. त्वचा काही तास पिवळसर आणि लघवी साधारण दिवसभर गडद दिसेल, थोडी मळमळही होऊ शकेल, हे आधीच सांगितल्यास रुग्ण घाबरत नाही. तीव्र अ‍ॅलर्जी क्वचितच होते, तरीही तातडीची औषधे हाताशी असल्याशिवाय तपासणी सुरू करू नये.

बाहुली विस्फारल्यावर आधी रंगीत छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर 10 टक्के फ्लुओरेसिनचे 5 मिलिलिटर द्रावण हाताच्या शिरेतून द्यावे. ते साधारण 10 ते 15 सेकंदांत दृष्टिपटलात पोहोचते. सुरुवातीचे हे क्षण पुन्हा मिळत नाहीत, म्हणून कॅमेरा सवयीने मॅक्युलावर (दृष्टिपटलाच्या मध्यभागावर) न ठेवता गाठ आणि तिला जोडलेल्या वाहिन्या एकाच चौकटीत येतील असा धरावा. सुमारे 10 मिनिटांनंतरची उशिराची छायाचित्रेही घ्यावीत, कारण झिरपण्याचा निर्णय तीच देतात आणि घाईत नेमकी तीच राहून जातात.

या गाठींचे प्रकार रंग भरण्याच्या व झिरपण्याच्या पद्धतीवरून ओळखता येतात. त्यांपैकी हिमँजिओब्लास्टोमामध्ये फुगलेली धमनी आधी उजळते, लगेच गाठ भरते, मग फुगलेल्या शिरेतून रंग परततो; पुढे गाठीतून रंग झिरपत राहतो. डोळ्यांना न दिसलेल्या बारीक गाठीही या तपासणीत चमकतात, त्यामुळे परिघापर्यंतची विस्तृत छायाचित्रे घेणे मला अत्यावश्यक वाटते.

कॅव्हर्नस हिमँजिओमाचे चित्र याच्या उलट असते. द्राक्षांच्या घोसासारख्या दिसणाऱ्या त्याच्या पिशव्यांमधून रक्त इतके संथ वाहते की रंग उशिरा येतो. रक्तपेशी खाली बसून प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) वर राहतो, म्हणून पिशवीचा वरचा भाग उजळ आणि खालचा काळा दिसतो. यात रंग सहसा झिरपत नाही. हे चित्र स्पष्ट असेल तर शंकेला फारसा वाव उरत नाही.

रेसिमोज हिमँजिओमामध्ये धमनी व शीर थेट जोडलेल्या असल्याने रंग वेगाने पार होतो, मात्र झिरपत नाही. व्हॅसोप्रोलिफरेटिव्ह ट्यूमर झिरपतो, पण हिमँजिओब्लास्टोमाप्रमाणे ठळक फुगलेल्या वाहिन्यांची जोडी त्याला नसते. तो बहुधा दृष्टिपटलाच्या खालच्या, कानाकडील परिघात आढळतो.

नारिंगी गाठ दृष्टिपटलाखाली, कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थरामध्ये असल्याचा संशय आल्यास इंडोसायनिन ग्रीन हे दुसरे रंगद्रव्य वापरावे. कोरॉइडल हिमँजिओमा पहिल्या मिनिटाच्या आसपास तेजस्वी भरतो आणि नंतर रंग धुऊन गेल्यासारखा फिका पडतो. हे रंगद्रव्य देण्यापूर्वी आयोडीनच्या अ‍ॅलर्जीची खात्री करावी.

हिमँजिओब्लास्टोमा आढळल्यास, विशेषतः गाठी अनेक असतील किंवा रुग्ण तरुण असेल, तर व्हॉन हिपेल-लिंडाऊ या अनेक अवयवांत गाठी निर्माण करणाऱ्या आनुवंशिक आजारासाठी जनुकीय तपासणी, मेंदू व मणक्याचा एमआरआय आणि पोटाची तपासणी सुचवावी. कॅव्हर्नस व रेसिमोज प्रकारांतही मेंदूत तशाच विकृती असू शकतात, त्यामुळे तेथेही एमआरआयचा विचार करावा. दुसऱ्या डोळ्याचा परीघ मात्र प्रत्येक रुग्णात त्याच बैठकीत तपासून घ्यावा.