लेखनाची पदवी परवडणाऱ्या खर्चात हवी असेल, तर प्रवेश घेताना या चुका टाळा

एकच महाविद्यालय, एकच इमारत. तळमजल्यावर अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं अशा बी.ए.चे वर्ग, तिसऱ्या मजल्यावर माध्यमांचा स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे मुलांच्या फीवरच चालणारा अभ्यासक्रम. वरची फी खालच्या फीच्या कितीतरी पट. भाचीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही ही चौकशी केलीच नाही. कॉलेज अनुदानित आहे म्हणजे फी बेताचीच असणार, असं धरून चाललो. पावती हातात पडली तेव्हा ताईचा चेहरा उतरला. पोरीला लिहायचं होतं आणि त्या कोर्सच्या नावात 'मीडिया' होतं, एवढ्यावर निर्णय झाला होता. पुढे त्या फीपायी घरातली किती कामं अडली, ते मी पाहिलं आहे. म्हणून हे लिहितोय.

अनुदान कॉलेजला आहे, असं समजणं

अनुदान तुकडीला असतं. एकाच कॉलेजात मराठी, इतिहास, अर्थशास्त्र अनुदानित असतात आणि पत्रकारिता किंवा मास मीडिया विनाअनुदानित असतं. म्हणून ऑफिसच्या खिडकीवर प्रश्न नेमका विचारा: "या कोर्सची ही तुकडी अनुदानित आहे का?" तिन्ही वर्षांच्या फीचा तक्ता मागा, परीक्षा शुल्क आणि 'इतर शुल्क' धरून. फक्त पहिल्या वर्षाचा आकडा तोंडी सांगत असतील, तर लेखी मिळेपर्यंत पैसे भरू नका.

नावावर भाळणं

ही चूक सर्वांत महागात पडते. आपल्याकडे 'लेखन' याच नावाची पदवी क्वचितच सापडते. लेखन शिकायला मिळतं ते भाषा-साहित्याच्या बी.ए.त, पत्रकारितेत किंवा माध्यमांच्या पदवीत. मुंबई विद्यापीठाच्या बीएमएम या माध्यमांच्या पदवीचं नाव 2019 मध्ये बीएएमएमसी झालं. त्यात जाहिरात, चित्रपट, माध्यमांचे कायदे, संशोधन असं बरंच काही आहे. ज्याला माध्यमांत काम करायचं आहे त्याला त्याचा उपयोग होतो. पण कथा, लेख, अनुवाद किंवा संपादन हेच ज्याचं ध्येय आहे, त्याच्या वाट्याला लेखन त्यातला एक तुकडा म्हणून येतं. याउलट मराठी हा मुख्य विषय घेऊन अनुदानित बी.ए. करणाऱ्याला साहित्यविचार, भाषाविज्ञान, व्याकरण, उपयोजित मराठी हे सगळं काही हजारांच्या फीत मिळतं. बातमी, जाहिरातीचा मजकूर, मुद्रितशोधन हे उपयोजित मराठीतच शिकवतात. 'मराठी घेऊन काय करणार?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हा अभ्यासक्रम एकदा वाचायला द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आता कोर्स कुठलाही असो, एक गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही. मुलांनी लिहिलेलं कोण वाचतं? लाल शाईच्या खुणा करून कोण परत देतं? लेखन व्याख्यान ऐकून येत नाही. कुणीतरी तुमचं पान वाचून 'हे वाक्य इथे का आहे?' असं विचारावं लागतं, आणि मग ते पान पुन्हा लिहावं लागतं. त्यामुळे प्रवेशाआधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना कॅन्टीनमध्ये गाठा. वर्षभरात किती वेळा लिहून दिलं आणि किती वेळा तपासून परत आलं, एवढंच विचारा. कॉलेजचं वार्षिक नियतकालिक मागून घ्या. त्यात मुलांचं लेखन किती आणि प्राचार्यांचे फोटो किती, ते बघा. ग्रंथालयात डोकवा. चालू महिन्याची मासिकं टेबलावर आहेत की कपाटात कुलूपबंद? या चौकशीला पैसा लागत नाही. तरीही बहुतेक पालक ती करत नाहीत, कारण चकाचक कॉम्प्युटर लॅब पाहून त्यांचं समाधान झालेलं असतं.

फक्त फीच मोजणं

गावापासून बारा किलोमीटरवरचं कॉलेज आणि पुण्यातली खोली यांत फरक फीचा कमी आणि भाडं, मेस, एसटीचा जास्त. पुणे विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागाचं, म्हणजे रानडे इन्स्टिट्यूटचं नाव मोठं आहे आणि ते योग्यही आहे. पण तिथली पदव्युत्तर पत्रकारिता पदवीनंतर करता येते. पदवीची तीन वर्षं घरून करून मग बाहेर पडणं अनेकांना झेपतं. विदर्भातल्या मुलांनी अमरावती जिल्ह्यातच नजर टाकावी. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे आणि अमरावतीच्या आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था) केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे.

शिष्यवृत्ती हातात आल्यासारखी धरणं

महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज केला म्हणजे पैसे आले, असं नाही. दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं वेळेत तयार नसेल, तर अर्ज अडकतो. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा 8 लाख आहे, पण दूरस्थ शिक्षणाला ती लागू नाही. खासगी विद्यापीठात प्रवेश घेणार असाल, तर कोणत्या योजना तिथे चालतात ते आधी विचारा. आणखी एक गैरसमज 2024 पासून फार पसरला आहे: 'आता मुलींना सगळं शिक्षण मोफत.' ती सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, तीही ठरलेल्या गटांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना. बी.ए.च्या हिशोबात ती धरू नका.

मुक्त विद्यापीठाला कमी लेखणं, किंवा कुठल्याही 'ऑनलाइन पदवी'वर विश्वास ठेवणं

या दोन्ही टोकांच्या चुका मी पाहिल्या आहेत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं, इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 चं. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. नोकरी करत शिकणाऱ्याला हाच स्वस्त आणि मानाचा रस्ता आहे. मात्र तिथे घोकून परीक्षा देण्यावर भागवू नका. स्वाध्याय मनापासून लिहा, कारण तपासून घेण्याची संधी तीच. दुसरीकडे, जाहिरातीतलं 'ऑनलाइन बी.ए.' त्या वर्षी, त्या विषयासाठी मान्य आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत बघितल्याशिवाय पैसे पाठवू नका. पदवी विद्यापीठ किंवा कायद्याने तसा अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. एखाद्या क्लासचं प्रमाणपत्र चांगलं असू शकतं, पण ती पदवी नव्हे. इग्नूचा इंग्रजी सर्जनशील लेखनाचा कोर्ससुद्धा पदविका आहे. तो पदवीच्या जागी नको, जोडीला घ्या. 2022 पासून एक नियमित आणि एक दूरस्थ असे दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करायला परवानगी आहे. अनुदानित मराठी बी.ए. आणि सोबत अशी एक पदविका, ही जोडी मला सर्वांत पटते.

चुकीचा प्रवेश झालाच असेल तर

पहिले काही आठवडे हातात असतात, ते गप्प बसून घालवू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर झालेल्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर, थोडं प्रक्रिया शुल्क वजा करून, फी पूर्ण परत मिळते. त्यानंतर पण शेवटच्या तारखेआधी 90 टक्के, तारीख उलटल्यावर 15 दिवसांत 80, तीस दिवसांपर्यंत 50, आणि पुढे काहीच नाही. अलीकडे यूजीसी त्या त्या वर्षासाठी वेगळ्या तारखाही जाहीर करते, त्या तपासा. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.

वर्ष संपल्यावर लक्षात आलं असेल, तर क्रेडिट बँकेत, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, तुमची क्रेडिट जमा झाली आहेत का ते बघा आणि ज्या कॉलेजात जायचं आहे तिथल्या विभागप्रमुखांना विचारा, त्यातली किती धरली जातील. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची सोय आहे, त्यामुळे वर्ष अगदीच वाया जात नाही. भाचीने दुसऱ्या वर्षानंतर ही चौकशी केली, तेव्हा उशीर झाला होता. तिने तोच कोर्स पूर्ण केला. प्रवेश रद्द करायचा असेल तर अर्ज लेखीच द्या, दोन प्रतींत, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.