कॅसलरॉक घाटातल्या मालगाड्यांचे फोटो: निघण्यापूर्वीची तयारी

मालगाडीला छापील वेळापत्रक नसतं, म्हणून कोल्हापूरहून निघण्याआधी प्रवासी गाड्यांच्या वेळा लिहून घ्या. गोव्यातल्या कुळ्यापासून कर्नाटकातल्या कॅसलरॉकपर्यंतचा हा सुमारे २६ किलोमीटरचा घाट एकेरी मार्गाचा आहे. गोवा एक्सप्रेसला वाट द्यायची तर कोळशाचा रेक (वाघिणींची अख्खी मालगाडी) थांबवला जातो. एक्सप्रेस गेल्यानंतरचे तास मालगाडीसाठी राखा आणि परतीचं तिकीट शक्यतो दुसऱ्या दिवशीचं काढा. रेल्वेने जायचं तर मिरजेला गाडी बदला, रस्त्याने जायचं तर बेळगाव, खानापूर, लोंढा.

इथे चढ ३७ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यामुळे भरलेल्या रेकला कुळ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागतात आणि कॅसलरॉकला ती सुटतात. या घाटाचा खरा फोटो हाच, आणि तोच बहुतेकांचा हुकतो. ५८ बॉक्सएन (वरून उघड्या) वाघिणींचा रेक सहाशे मीटरांहून लांब असतो, म्हणून पुढचं इंजिन आलं की सगळे तिकडे धावतात आणि बँकर मागे लांबच राहतात. गाडी येण्याआधीच कॅसलरॉकच्या फलाटाच्या कुळ्याकडच्या टोकाला जाऊन थांबा. ७०-३०० मिमीची झूम लेन्स हवीच. सुटलेली इंजिनं नंतर मोकळी घाट उतरतात, तीही टिपा.

गाडी सावकाश चढते, शटर १/५०० सेकंद पुरतं. पावसाळी ढगात आयएसओ ८०० ते १६००. समोरून हेडलाइट आला की ऑटो एक्स्पोजर बाकी सगळं काळवंडून टाकतं, तेव्हा आधीच रुळांखालच्या खडीवर प्रकाश मोजून मॅन्युअल करा. धुक्यात ऑटोफोकस चाचपडत राहतो. सिग्नलच्या खांबावर फोकस धरून ठेवा. एसी डब्यातून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढला तर लेन्सवर बाष्प धरतं, अर्धा तास बॅग बंदच असू द्या. सोबत सिलिका जेलच्या पुड्या, दोन सुके पंचे, लेन्सवर चढवायला प्लॅस्टिकची पिशवी आणि रबर.

फलाट तिकीट खिशात हवं, आणि पोचल्यावर आधी स्टेशन मास्तरांना भेटा. रुळांवरून दूधसागरकडे चालत जायचं नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पुलावर, बोगद्यात गाडी आली तर सरकायला जागा तुटपुंजी. भोवती राखीव जंगल आहे, ड्रोन घरीच ठेवा.

पावसाळ्यात जळवांसाठी मोजे तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवून घ्या. भाकरी-चटणी घरूनच बांधा, एक रेक गेला की पुढच्याची वाट कितीही लांबू शकते.